सिंहाचं दुसरं नाव मुलीला कधी सांगायचं?

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. रोज रात्री मी तिला नार्नियाची गोष्ट सांगते. पुस्तक इंग्रजी, पण वाचता वाचता तोंडाने मराठीत सांगत जाते. मी स्वतः आठवीत असताना मामाच्या कपाटात ही पुस्तकं सापडली होती आणि तहानभूक विसरून वाचली होती. गेल्या आठवड्यात अस्लान सिंहाला दगडी मेजावर मारतात तो भाग आला. मुलगी हमसून हमसून रडली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. त्या रात्री धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘तो सिंह म्हणजे येशू आहे. ही पुस्तकं धर्मप्रचारासाठीच लिहिलेली आहेत. वहिनींना बहुतेक माहीत नसेल.’ मला खरंच माहीत नव्हतं. शोधलं तर सिंहाबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं निघालं. गंमत म्हणजे ऑफिसातली माझी नगरची मैत्रीण ख्रिस्ती आहे. ती म्हणाली, त्यांच्या ओळखीतले काही जण मुलांना ही पुस्तकं देतच नाहीत, कारण त्यात जादू आणि चेटकीण आहे! मला मात्र फसवल्यासारखं वाटतंय. इतकं ओढून घेणारं त्यात होतं तरी काय? वाचन थांबवू का? मुलीला सांगू का? आणि थांबवायचं नसेल तर पुढचं पुस्तक कोणतं घेऊ? इंटरनेटवर दोन वेगवेगळे क्रम दिसतात.
– अ. क., नाशिक

ताई,

आधी निकाल देते, कारणं मागाहून. वाचन थांबवू नका. मुलीला सांगा, पण हातातलं पुस्तक संपल्यावर, आणि जमलं तर तिनेच विचारल्यावर. दिरांशी वाद घालायला जाऊ नका, कारण सिंहापुरतं त्यांचं बरोबर आहे. चुकलंय ते त्यांच्या वाक्यातल्या ‘साठीच’मधल्या ‘च’पुरतं.

ग्रुपवर कधी बोलायची वेळ आलीच तर हाताशी असावं म्हणून थोडी माहिती देते. नार्नियाचा लेखक सी. एस. लुईस मूळचा बेलफास्टचा, जन्म १८९८चा. आयुष्याचा मोठा भाग ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवण्यात गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने बीबीसी रेडिओवरून ख्रिस्ती श्रद्धेवर भाषणं दिली आणि ती देशभर ऐकली गेली. म्हणजे नार्निया लिहिण्याआधीच साऱ्या ब्रिटनला ठाऊक होतं की हा गृहस्थ श्रद्धाळू आहे आणि ते उघडपणे सांगतो. सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक अशी आली. १९५४ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या एका वर्गाला लिहिलेल्या पत्रात त्याने सिंहाचा खुलासा केलाय. त्याचा आशय असा : येशूच्या जागी सिंह ठेवू या, असं मी ठरवलं नव्हतं. नार्नियासारखा एक देश आहे असं समजा, देवाचा पुत्र आपल्या जगात जसा माणूस झाला तसा तिथे सिंह झाला असं समजा, आणि मग काय काय होईल याची कल्पना करा, असं मी म्हटलं. पाचवीतल्या पोरांना पत्रात लिहिलेल्या गोष्टीला गुपित म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आता तो ‘च’. लुईसने १९५६ साली परीकथांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो सांगतो, की आधी ख्रिस्ती शिकवणुकीची यादी करून मग तिला गोष्टीचे कपडे चढवले, असं झालंच नाही. त्याच्या डोक्यात आधी चित्रं आली. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला, बकरीच्या पायांचा फॉन त्याला वयाच्या सोळाव्या वर्षापासून दिसत होता. मग घसरगाडीवरची राणी आली, मग भव्य सिंह आला. सुरुवातीला त्यात ख्रिस्ती असं काही नव्हतं, ते आपणहून आत घुसलं. लेखक स्वतःबद्दल बोलतो तेव्हा थोडं हातचं राखूनच ऐकावं हे खरं, पण या पुस्तकांचा विस्कळीतपणा पाहिला की मला तो पटतो. प्रचाराची पुस्तिका काढायला बसलेला माणूस रोमन फॉन, उत्तर युरोपातल्या दंतकथांमधले ठेंगू, मद्याचा देव बॅकस आणि वर नाताळबाबा, अशी सगळी वरात एकाच रानात घुसवणार नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनसारख्या जवळच्या मित्रालाही ही सरमिसळ खटकली होती.

त्याच निबंधातली आणखी एक गोष्ट तुमच्या दिरांना सांगण्याजोगी आहे. लहानपणी चर्चमध्ये ‘देवावर प्रेम करायलाच हवं, येशूच्या यातनांचं दुःख व्हायलाच हवं’ असं सतत ऐकवलं जायचं, आणि त्या ‘हवं’मुळेच मन गोठून जायचं, असं तो लिहितो. तीच गोष्ट रविवारच्या शाळेच्या वासापासून दूर, एखाद्या काल्पनिक देशात नेली तर त्या पहारा देणाऱ्या ड्रॅगनांना चुकवून आत शिरता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. आता हे ड्रॅगन कुणाच्या दारात बसले होते ते पाहा. धर्माचा कंटाळा आलेल्या ख्रिस्ती घरातल्या मुलाच्या दारात. लुईसचा वाचक तो होता. नाशिकमध्ये मराठीतून गोष्ट ऐकणारी मुलगी त्याच्या स्वप्नातही नसणार. तिच्या दारात तो पहाराच नाही, मग चुकवायचं काय? ती सरळ सिंहासाठी रडली.

‘एवढं ओढून घेणारं काय होतं’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर मिळालं की फसवणुकीची सल निम्मी तरी कमी होईल.

रूपककथा आपल्याला नवीन नाही. एकनाथांनी भारुडात विंचू चाववला, तो कामक्रोधाचा. उतारा म्हणून तमोगुण मागे सारायला सांगितलं आणि अंगारा लावला तो सत्त्वगुणाचा. नाथ कुलूप आणि किल्ली एकदमच हातात देतात, लपवाछपवी नाही. इंग्रजीतलं सर्वांत गाजलेलं ख्रिस्ती रूपकही अशाच स्वभावाचं आहे. परवान्याशिवाय प्रवचनं केली म्हणून जॉन बन्यन या भांडी सांधणाऱ्या माणसाने बारा वर्षं तुरुंगात काढली. त्याचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ साली आलं. त्यात नायकाचंच नाव ख्रिश्चन, वाटेत निराशेची दलदल, पुढे शंकेचा किल्ला, आणि त्या किल्ल्याच्या कुलपाला लागणारी किल्ली म्हणजे वचन. हे पुस्तक मराठीत ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ सालीच आलं होतं. अनुवाद हरि केशवजींचा. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ यायला तेव्हा अजून सोळा वर्षं होती. म्हणजे आपल्याकडे कादंबरी जन्मायच्या आधी ख्रिस्ती रूपककथा मराठीत वाचली जात होती. कुणाला नार्निया हे कालपरवा शिरलेलं परकं प्रकरण वाटत असेल, तर ही तारीख त्यांना कळवायला हरकत नाही.

नार्निया ओढून घेतं ते त्यात नावांच्या पाट्या नाहीत म्हणून. दलदलीवर ‘निराशा’ असं लिहिलेलं असलं की वाचकाला अर्थ कळतो आणि तो पुढे जातो. एडमंड चेटकिणीच्या मिठाईला भुलून भावंडांशी दगा करतो तेव्हा पाटी कुठेच दिसत नाही, दिसतो तो एक हावरा, रुसलेला, थोरल्या भावावर जळणारा मुलगा. तुमच्या मुलीला सांगा, १९५० साली हे पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई रेशनवर होती आणि १९५३च्या फेब्रुवारीपर्यंत ती तशीच राहिली. पोटभर टर्किश डिलाइट हे त्या मुलांसाठी केवढं आमिष होतं! मग एडमंडचा दगा परका राहत नाही. आपणही तेच केलं असतं, अशी एक लाज पोटात खोल कुठेतरी हलते. त्या एडमंडऐवजी सिंह मरायला जातो, म्हणून तो प्रसंग एवढा लागतो. वाचक एडमंडच्या धाकट्या, निर्दोष बहिणीच्या, लुसीच्या जागी नसतोच, तो दगाबाजाच्या जागी असतो आणि त्याचं ओझं दुसरं कुणीतरी उचलतं. हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचं अगदी मध्यवर्ती कलम आहे. ते वाचकाला कलम म्हणून भेटत नाही, आधी अंगावर येतं आणि अर्थ मागून येतो, आलाच तर.

असल्या गोष्टींना एक आतला मजला असतो. जिना सापडला नाही तरी खालून जाणवतं, की वर कुणीतरी चालतंय. आठवीत तुम्हाला येशू दिसला नसेल, पण हा सिंह सर्कशीतला किंवा पंचतंत्रातला नाही, याच्यामागे फार मोठं काहीतरी उभं आहे, हे तुम्हाला नक्की जाणवलं असणार. साध्या साहसकथा आपण वाचतो आणि विसरतो. ही विसरली जात नाहीत, कारण लिहिणारा स्वतःच्या सर्वांत खोल गोष्टीवर उभा राहून लिहीत होता. तेवढ्याच कसबाच्या पण आत काही न मानणाऱ्या लेखकाकडून ते वजन येत नाही, असं माझं मत. (उलटही घडतं. आत भरपूर मानणारे पण कसब नसलेले लेखक ढिगाने आहेत. धार्मिक प्रकाशनांच्या कपाटात ते शांतपणे धूळ खात असतात, सगळ्याच धर्मांच्या.)

आता थोडं आपल्या बाजूने पाहू, कारण मला वाटतं मराठी घरात ही गोष्ट उलट्या दाराने शिरते. इंग्रज वाचकाला देवाचा मृत्यू पाठ असतो. निरपराध असून मारला जाणं, आदल्या रात्रीचं एकटेपण, विटंबना, पहाटे देहाजवळ आलेल्या स्त्रिया, हे सगळं त्याने लहानपणापासून ऐकलेलं. त्याला नवं काय, तर देव पशूच्या रूपात. आपल्याकडे नेमकं उलट. देव मासा झाला, कासव झाला, वराह झाला, खांबातून अर्धा सिंह होऊन बाहेर आला, यात दहा वर्षांच्या मुलीला नवल कसलं? तिला नवा आहे तो दुसरा भाग : हा सिंह नखं बाहेर काढत नाही, आयाळ कापू देतो, दोऱ्या बांधू देतो. नरसिंहाच्या गोष्टीत वाढलेलं मूल त्या क्षणी वाट पाहत असतं, की आता उठेल, आता फाडेल. आणि तो उठत नाही. तुमची मुलगी हमसून रडली त्यात हाही धक्का असणार. अगदीच अनोळखी गोष्ट आहे असंही नाही म्हणा. कबुतरासाठी मांडीचं मांस कापून देणारा शिबी राजा आणि वज्रासाठी हाडं देणारा दधीची आपल्याकडे आहेतच. पण ते याचकासाठी देतात. दगा देणाऱ्यासाठी मरणं ही पुढची पायरी आहे, आणि ती ख्रिस्ती आहे, हे प्रांजळपणे मान्य करावं. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ म्हणून ते पुसून टाकू नये. पुसलं की गोष्टही पुसट होते.

कथेचं हे वेषांतर दोन्ही दिशांनी होत आलंय. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली बायबलची कथा मराठी ओव्यांत, पुराणाच्या घाटात सांगितली, ते ‘ख्रिस्तपुराण’. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली. शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता आपल्या कितीतरी पिढ्या शाळेत शिकल्या आणि कळवळल्या. कवीचा धर्म कोणता, हे विचारून कुणी डोळे पुसले नव्हते.

आता फसवणुकीचं. तुम्ही तेराव्या वर्षी हे वाचलंत आणि इतक्या वर्षांत ख्रिस्ती झाला नाहीत. तुम्ही वाचक झालात, आणि आता रात्री मुलीला इंग्रजी पुस्तकाची उभ्या उभ्या मराठी करून सांगता, ही तर केवढी करामत. ज्या संदेशाचा पत्ताच लागला नाही, त्याने धर्म बदलला जात नाही. त्याने बदलते ती आवड, आणि थोडं मन. लुईसच्या बाबतीत मात्र गोष्ट पुढे गेली, हेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तो ऐन तारुण्यात कट्टर नास्तिक होता. १९१६ साली त्याने जॉर्ज मॅक्डोनाल्डची ‘फँटास्टीस’ नावाची अद्भुतकथा रेल्वे स्टेशनवर विकत घेतली. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा केला, असं त्याने पुढे लिहिलं. पण श्रद्धा काही त्या पुस्तकाने दिली नाही. मधे पहिलं महायुद्ध गेलं, तो स्वतः खंदकांत लढला आणि जखमी झाला, नंतर तत्त्वज्ञानाशी वर्षानुवर्षं झटापट केली. १९३१च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांबरोबर फिरताना पुराणकथांवर फार लांब बोलणं झालं, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो ख्रिस्ती झाला. फँटास्टीसपासून पंधरा वर्षं! गंमत अशी, की मरून जाणाऱ्या देवाची हुरहुर त्याला बायबलात लागली नव्हती. लहानपणी उत्तरेकडच्या बाल्डर देवाच्या कथेत लागली होती. म्हणजे परक्या देवांच्या गोष्टींवर जीव लावलेल्या माणसानेच हे पुस्तक लिहिलंय. तुमच्या मुलीने त्याच्या देवाच्या गोष्टीवर जीव लावला, तर त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नसतं.

आणखी एक माणूस या वादात तुमच्या बाजूचा आहे. टॉल्किन स्वतः निष्ठावंत कॅथलिक. पण ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने साफ लिहिलं, की रूपककथा आपल्याला मनापासून आवडत नाही. त्यात लेखक अर्थाचा ताबा स्वतःकडे ठेवतो. आपल्याला आवडतं ते वाचकाने गोष्ट स्वतःच्या आयुष्याला लावून पाहणं, आणि ते स्वातंत्र्य वाचकाचं. मला यात टॉल्किनचं पटतं, आणि लुईससुद्धा त्याच्या उत्तम पानांवर असंच वागतो. ‘व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये युस्टेस नावाचा किरकिरा मुलगा ड्रॅगन होतो. तो स्वतः कातडी सोलायला बघतो, एक थर निघतो, दुसरा निघतो, तिसरा निघतो, खाली पुन्हा खवलेच. शेवटी सिंह नखांनी खोलवर सोलतो, आणि मग पाण्यात टाकतो. ख्रिस्ती वाचकाला त्यात बाप्तिस्मा दिसतो. व्यसनातून सुटलेल्या माणसाला वेगळं दिसेल. दहा वर्षांच्या मुलीला खपली काढल्यावर होणारी दुखरी, गोड वेदना आठवेल, आणि त्या वयाला तेवढं पुरे आहे. मरून गेलेल्या आईसाठी झुरणाऱ्याला ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ लागतं. त्यात डिगरी नावाचा मुलगा आजारी आईसाठी सफरचंद आणतो आणि ती बरी होते. लुईसची स्वतःची आई तो नऊ वर्षांचा असताना कॅन्सरने गेली होती. तिथे मला रूपकबिपक काही दिसत नाही. पन्नाशी उलटलेला एक माणूस एवढं एक दान गोष्टीत तरी मागून घेतोय, एवढंच दिसतं.

म्हणून येशूबद्दल मुलीशी बोलताना घाबरू नका. मला काळजी वाटते ती दुसऱ्या एका जागेची, आणि ती दिरांच्या मेसेजमध्ये नाही. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ आणि ‘द लास्ट बॅटल’मध्ये कॅलोर्मेन नावाचं राज्य येतं. तिथले लोक काळसर, दाढीवाले, पागोटेवाले, वाकड्या तलवारीचे, क्रूर आणि अलंकारिक बोलणारे. त्यांचा देव टॅश, गिधाडाच्या डोक्याचा आणि अनेक हातांचा. अनेक हातांची मूर्ती ज्या घराच्या देव्हाऱ्यात आहे, तिथे हे पान गपकन उलटू नका. इथे थांबा. विचारा तिला, ‘हे लोक तुला कुणासारखे वाटतात? लिहिणाऱ्याने त्यांना असं का दाखवलं असेल?’ साम्राज्याच्या काळात वाढलेल्या इंग्रजाच्या डोळ्यांना पूर्व कशी दिसायची, याचा तो नमुना आहे. दहा वर्षांच्या मुलीला हे समजतं. आपण समजतो त्यापेक्षा बरंच लवकर समजतं. त्या भावंडांतली सुसान मोठी झाल्यावर लिपस्टिक आणि नायलॉनच्या मोज्यांत रमली म्हणून तिला शेवटच्या पुस्तकात बाहेर ठेवलंय, त्यावरही बोला. त्यावरून कित्येक स्त्रिया आजही लुईसवर रागावलेल्या आहेत, आणि मीही.

पण त्याच शेवटच्या पुस्तकात एमेथ नावाचा कॅलोर्मेनचा तरुण आहे. जन्मभर टॅशची भक्ती केलेला, प्रामाणिक. तो मरणानंतर अस्लानसमोर येतो तेव्हा सिंह त्याला हाकलत नाही. तू खऱ्या मनाने जी सेवा केलीस ती मी माझीच धरतो, असं त्याला सांगतो. यातही एक तिढा आहे, ‘माझीच’ म्हणजे काय, यावर तुम्ही आणि मी भांडू शकतो. काही सनातनी ख्रिस्ती लोकांना तर हे पान पाखंडच वाटलं. तुमच्या नगरच्या मैत्रिणीला हे सांगा. चेटकिणीपेक्षा त्यांच्याकडे यावरच चर्चा जास्त रंगेल. दिरांनाही हेच पान दाखवा, आणि मग दोघांना चहाला एकत्र बोलवा!

आता मुलीला कसं सांगायचं. हातातलं पुस्तक संपू द्या. सिंह पुन्हा उठतो, हे तिला गोष्टीतूनच कळू दे. मधेच अर्थ सांगितला तर ती रडण्याऐवजी ताळा जुळवत बसेल. मग कधीतरी तिनेच विचारलं, किंवा काकांच्या तोंडून ऐकून आली, की सरळ सांगा : ‘हे लिहिणारे आजोबा येशूला खूप मानायचे. येशूची गोष्ट त्यांना सर्वांत मोठी वाटायची, म्हणून त्यांनी ती सिंहाची करून सांगितली. काही लोकांना या गोष्टीत येशू दिसतो, काहींना फक्त सिंह. तुला काय दिसलं?’ आणि मग तिचं उत्तर ऐका, दुरुस्त करू नका. बहुधा ती उंदरांबद्दल बोलेल. दोऱ्या कुरतडणारे ते छोटे उंदीर मुलांच्या लक्षात सगळ्यात जास्त राहतात. शाळेच्या वाचनालयात बसायचे तेव्हा पाहिलंय, मोठ्यांना प्रतीकं आठवतात आणि मुलांना उंदीर. दिव्याखाली बसून बायबलमधली येशूच्या मरणाची गोष्ट शेजारी ठेवून वाचावीशी वाटली तर तीही वाचा. मूळ कथा माहीत असल्याने कुणाचं नुकसान होत नाही. प्रल्हादाची तर आहेच.

मुलांच्या अस्लानवरच्या प्रेमाला मोठी माणसं घाबरतात, हे आजचं नाही. १९५५ साली अमेरिकेतल्या एका आईने लुईसला कळवलं, की तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला अपराधी वाटतंय : आपलं अस्लानवर येशूपेक्षा जास्त प्रेम आहे, हे पाप तर नाही? म्हणजे तुमच्या घरातल्या भीतीच्या नेमकी उलटी भीती. लुईसने सविस्तर उत्तर पाठवलं. मुलाला ज्या कृतींसाठी आणि शब्दांसाठी अस्लान आवडतो, त्या येशूच्याच आहेत, तेव्हा त्याने अजिबात काळजी करू नये, असा त्याचा धीर होता. तुमच्या मुलीला त्याने काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. त्या आईला काय लिहिलं ते मात्र मला आवडतं, कारण त्यात मुलाच्या प्रेमाला हात न लावता फक्त भीती काढून घेतलीय.

दिरांशी ग्रुपवर बोलू नका. तिथे कुणाचंच मत बदलत नाही, फक्त फॉरवर्ड वाढतात. रात्री गोष्टीच्या वेळी त्यांना खोलीत बोलवा. ‘तुम्हाला एवढं माहितीये तर आजचा भाग तुम्ही वाचा’ म्हणा. काका वाचताहेत म्हटल्यावर पोरगी खूश, आणि माणूस मोठ्याने वाचायला लागला की तावातावाने बोलायचं जरा विसरतो. मुलगी तेरा-चौदाची झाली की तिला नास्तिक बाजूचंही देता येईल. फिलिप पुलमनने चर्चच्या सत्तेवर घणाघात करणारी तीन भागांची अद्भुतकादंबरी लिहिलीय, आणि त्याला नार्नियाचा मनस्वी राग आहे. दोन्ही वाचलेल्या मुलीला कुणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

राहिला क्रमाचा प्रश्न. एक क्रम प्रकाशनाचा : आधी ‘द लायन, द विच अँड द वॉर्ड्रोब’, मग ‘प्रिन्स कॅस्पियन’, आणि नार्नियाच्या जन्माची गोष्ट सांगणारं ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ सहावं. दुसरा क्रम नार्नियाच्या आतल्या काळाप्रमाणे, म्हणजे जन्मकथा पहिली. आजच्या बहुतेक संचांवर हा दुसराच छापलेला असतो. त्याला कारण आहे लुईसचं १९५७चं एक पत्र. वर ज्याची गोष्ट सांगितली त्याच मुलाचा आईशी क्रमावरून वाद झाला होता, आणि लुईसने लिहिलं, की मला तुझ्या आईपेक्षा तुझा क्रम जास्त पटतो. मुलगा जन्मकथेपासून सुरुवात करणारा होता. पण त्याच पत्रात लुईसने हेही म्हटलंय, की क्रमाला कदाचित फारसं महत्त्व नाही. तेव्हा मी बिनधास्त आईच्या बाजूने उभी राहते. बर्फात एकटाच पेटलेला रस्त्यावरचा दिवा तिथे कुठून आला, हे आधीच सांगून टाकलं तर तो पहिल्यांदा दिसण्यातली अर्धी मजा गेली. तुमची मुलगी पहिलं वाचतेच आहे, तेव्हा पुढचं ‘प्रिन्स कॅस्पियन’च घ्या. ते सातांतलं मला सगळ्यात कमी आवडतं, मधे थोडं रेंगाळतं. तिथे दोन रात्री काकांच्या वाट्याला दिल्या तरी चालेल.